हवामानाचे वार्ताहर



ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत संत, कवी, नाटककार यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु मुक्तद्वार वाचनकक्षात येणारा वाचक वर्तमानपत्र उघडल्यावर अग्रलेखाकडे वळण्यापूर्वी एका लहानशा चौकटीवरून नजर फिरवतो. ती चौकट म्हणजे हवामानाचा अंदाज. सायंकाळी दूरदर्शनसमोर बसलेले कुटुंबही राजकारणाच्या बातम्या चालू असताना बोलत असते; हवामान सुरू झाले की घरातील कर्ता पुरुष हात वर करून सर्वांना गप्प करतो. ज्याचे बोलणे ऐकण्यासाठी घर गप्प होते तो माणूस कोण असतो, कोठून येतो, काय शिकलेला असतो आणि त्याच्या शब्दाची जबाबदारी कोणावर असते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हवामान सांगणारा माणूस आपल्या संस्कृतीला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पर्जन्यमापनाचा विचार आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांत किती द्रोण पाऊस पडतो याची नोंद आहे. अश्मक देशात साडेतेरा द्रोण आणि अवंतीत तेवीस द्रोण, असे ते आकडे आहेत. बऱ्हाणपूरचे स्थान या दोन प्राचीन प्रदेशांच्या मधोमध येते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे सहाव्या शतकात अवंतीच्याच वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघगर्भाच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. लोकपरंपरेत हेच काम महाराष्ट्रात सहदेव-भाडळीच्या नावावर, तर उत्तरेकडे घाघ-भड्डरीच्या नावावर चालत आले. नक्षत्रांची वाहने पाहून मृगाचा नि हस्ताचा पाऊस सांगणारे पंचांग तर घराघरांत असतेच. या सर्व परंपरेत सांगणाऱ्याची प्रतिष्ठा त्याच्या कुळावर किंवा व्यासंगावर उभी होती. अंदाज चुकला तर दोष नक्षत्राला लागे, सांगणाऱ्याला नव्हे.

आधुनिक काळात हे बदलले. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली, तेव्हा त्याच्या प्रमुखाचे अधिकृत पदनाम मोठे अर्थपूर्ण होते. तो 'मिटिऑरॉलॉजिकल रिपोर्टर', म्हणजे सरकारचा हवामान-वार्ताहर होता. 'रिपोर्टर' हा शब्द आज आपण वाहिनीच्या प्रतिनिधीसाठी वापरतो. दीडशे वर्षांपूर्वी तो शास्त्रज्ञासाठी वापरला गेला. वार्ता सांगणे हेच त्या शास्त्रज्ञाचे कर्तव्य मानले होते. त्या पदावर आलेले हेन्री ब्लॅनफर्ड हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरी करून ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि तेथून आकाशाकडे वळले. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही जगाच्या एका भागातील वायुभाराचा दुसऱ्या भागातील पावसाशी असलेला संबंध त्यांनी आकडेमोडीतून दाखविला आणि मोसमी पावसाच्या दीर्घकालीन अंदाजाचा पाया घातला.

मराठी माणसाचा या शास्त्राशी संबंध त्याहूनही जुना आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. विख्यात गणिती केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणी याच वेधशाळेत साहाय्यक होते. पुढे पुण्यात त्यांनी गणित शिकविले आणि लोकमान्य टिळकांसारखा शिष्य त्यांना लाभला. त्याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस हे १८९६ मध्ये त्या पदावर आले. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले. पुण्याच्या शिवाजीनगरातील त्या वास्तूला पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी अंदाजाचे, संशोधनाचे आणि प्रशिक्षणाचे मोठे काम पुण्यातच राहिले. १९३२ मध्ये तेथे एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान-वार्ता प्रसारित होऊ लागली. हवामान सांगणाऱ्याचा आवाज सामान्य माणसाच्या ओसरीपर्यंत पोहोचला तो असा.

पुण्याच्या या कार्यालयात १९४८ मध्ये अण्णा मणी आल्या. केरळातील पीरमेड हे त्यांचे जन्मगाव, आणि बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे व माणके यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन ही त्यांची पूर्वपीठिका. संशोधन पूर्ण होऊनही केवळ पदव्युत्तर पदवी नाही म्हणून त्यांना डॉक्टरेट नाकारली गेली. परंतु देशाला लागणारी हवामान-उपकरणे परदेशातून आणण्याऐवजी येथेच तयार व्हावीत म्हणून जवळजवळ शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. पडद्यावर जो आकडा उमटतो तो प्रथम कोणत्या तरी तापमापकावर उमटावा लागतो, आणि तापमापक खोटा असेल तर निवेदकाची वाणी कितीही शुद्ध असली तरी व्यर्थ. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झालेल्या अण्णा मणींचे नाव हवामान ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

आता दूरचित्रवाणीकडे वळू. ब्रिटनमध्ये ११ जानेवारी १९५४ रोजी जॉर्ज काउलिंग हे गृहस्थ बी.बी.सी.च्या पडद्यावर आले आणि हातात कोळशाची कांडी घेऊन नकाशावर रेषा ओढत उद्याचे हवामान सांगू लागले. ते नट नव्हते की निवेदक नव्हते. ते ब्रिटनच्या हवामान खात्याचे कर्मचारी होते. जो अंदाज तयार करतो त्यानेच तो सांगावा, ही प्रथा तेथे पुढे दीर्घकाळ टिकली. १९७४ मध्ये बार्बरा एडवर्ड्स या तेथील पहिल्या महिला हवामान-निवेदक झाल्या. त्याही त्याच खात्यातून आलेल्या.

अमेरिकेची वाट निराळी. तेथे दूरचित्रवाणी ही आरंभापासून व्यापारी स्पर्धेची गोष्ट. १९५० च्या दशकात केंद्रांची संख्या वाढली तशी प्रेक्षक खेचण्यासाठी हवामान हे करमणुकीचे स्थान झाले. कोणी बाहुल्या नाचवीत अंदाज सांगे, कोठे देखण्या तरुणींना नकाशासमोर उभे करीत. याला आळा बसावा म्हणून अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेने १९५७ मध्ये प्रशिक्षित निवेदकांसाठी मान्यतेच्या मुद्रेची योजना आखली. तरीही दोन्ही प्रकारची माणसे तेथे नांदत राहिली. १९८२ मध्ये चोवीस तास हवामान सांगणारी वाहिनी स्थापन करणारे जॉन कोलमन हे पत्रकारितेचे पदवीधर होते. याउलट जून बेकन-बर्सी ही कृष्णवर्णीय स्त्री १९५४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून हवामानशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडली. सरकारी सेवेत अनेक वर्षे काम केल्यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी ती बफेलो येथील केंद्राच्या पडद्यावर आली. १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका प्रश्नमंजूषेत तिने चौसष्ट हजार डॉलर जिंकले आणि त्या पैशातून वातावरणशास्त्र शिकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. जपानने तिसरा मार्ग निवडला. कायद्यात दुरुस्ती करून १९९४ पासून तेथे हवामान-अंदाजकाची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. शंभरांत पाच-सहा जण उत्तीर्ण होतील इतकी ती कठीण असते, आणि पडद्यावरचे अनेक निवेदक आज ती उत्तीर्ण झालेले असतात. शास्त्रज्ञालाच निवेदक करावे, निवेदकालाच मुद्रा द्यावी, की परीक्षेने दोहोंना एकत्र आणावे, असे हे तीन मार्ग आहेत.

आपल्याकडे काय घडले? मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळात मराठी बातम्यांच्या अखेरीस वृत्तनिवेदकच हवामानाची दोन-चार वाक्ये वाचून दाखवी. हे वृत्तनिवेदक कोण होते ते पाहिले म्हणजे कौतुक वाटते. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे या दोघी अभिनयाच्या क्षेत्रात अमर झाल्या. अनंत भावे हे मराठीचे प्राध्यापक नि बालसाहित्यिक. प्रदीप भिडे १९७४ मध्ये दूरदर्शनवर आले आणि सुमारे चार दशके त्यांचा आवाज महाराष्ट्राच्या परिचयाचा राहिला. ७ जून २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. यांच्यापैकी कोणी हवामानशास्त्री नव्हते. त्यांच्याजवळ होते ते स्वच्छ उच्चारण, संयम आणि शब्दाविषयी आदर. वेधशाळेने पाठविलेले वाक्य त्यांनी न वाढविता, न सजविता वाचले. आपल्या देशात अंदाज करणारा आणि अंदाज सांगणारा असे दोन वेगळे माणूस राहिले, पण त्या काळी त्यांच्यात विश्वासाचे नाते होते.

ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ब हा उपग्रह आकाशात गेला आणि पडद्यावर ढगांचे चित्र दिसू लागले. प्रेक्षकाने प्रथमच आपला देश वरून पाहिला, आणि अरबी समुद्रावरून पांढरे लोट कसे सरकतात हे शेतकऱ्यानेही पाहिले. या चित्रांमागील उपग्रहीय हवामानशास्त्राचे जे अभ्यासक होते त्यांत डॉ. रंजन केळकर हे मराठी नाव प्रमुख आहे. पुढे ते खात्याचे महासंचालक झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहून सामान्य वाचकासाठी लिहीत राहिले. त्यांच्या आधीचे दुसरे मराठी नाव डॉ. वसंत गोवारीकर यांचे. १९३३ मध्ये जन्मलेले गोवारीकर रसायन-अभियांत्रिकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेले, परत येऊन त्यांनी अग्निबाणांच्या घन इंधनावर काम केले, तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे ते संचालक झाले. विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेले मोसमी पावसाचे प्रारूप तयार झाले आणि १९८८ पासून ते वापरात आले. एक भूगर्भशास्त्रज्ञ, एक गणिती, एक रत्नांची अभ्यासक, एक अग्निबाणांच्या इंधनाचा तज्ज्ञ! हवामानाकडे येण्याच्या वाटा किती निरनिराळ्या असतात याचे हे दर्शन आहे.

परंतु वार्ता सांगणाऱ्याची खरी कसोटी अंदाज चुकतो तेव्हाच लागते. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी बी.बी.सी.वर मायकेल फिश यांनी चक्रीवादळाच्या भीतीची वार्ता हसून बाजूला सारली. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडला प्रचंड वादळाने झोडपले, ब्रिटनमध्ये अठरा माणसे दगावली. आपले बोलणे निराळ्या वादळासंबंधी होते असे फिश पुढे सांगत राहिले, पण लोकांच्या स्मरणात ते एक वाक्यच राहिले. आपल्याकडे २००२ मध्ये सोळा घटकांच्या प्रारूपाने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. प्रत्यक्षात ८१ टक्केच पडला. जुलै महिन्याने तर निम्मा पाऊसच चोरला. त्या वर्षी महासंचालकपदी डॉ. केळकर होते. देशभरातून होणाऱ्या प्रश्नांना खात्याला तोंड द्यावे लागले आणि दुसऱ्याच वर्षी ते प्रारूप बदलण्यात आले. नक्षत्राला दोष देण्याचा काळ संपला होता. सांगणाऱ्याने चूक तपासावी आणि रीत सुधारावी, हाच विज्ञानाचा नवा शिष्टाचार होता.

२६ जुलै २००५ हा दिवस तर मुंबईकर विसरणे शक्य नाही. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात केवळ ७३ मिलिमीटर. एका शहरात एवढा फरक! त्यानंतर मुंबईत डॉप्लर रडार आले, इशाऱ्यांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांची पद्धत रूढ झाली, आणि मुंबई वेधशाळेच्या शुभांगी भुते, कृष्णानंद होसाळीकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ स्वतःच वाहिन्यांवर येऊन मराठीत बोलू लागले. पुण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले माणिकराव खुळे आणि कृषी हवामानतज्ज्ञ डॉ. रामचंद्र साबळे यांचे अंदाज शेतकरी नेमाने वाचतात. म्हणजे पन्नास वर्षांनी का होईना, काउलिंग यांची रीत मराठीत अवतरली.

याच काळात परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांच्यासारखे खाजगी अंदाजकर्तेही लोकप्रिय झाले. त्यांच्या पद्धतीविषयी शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परंतु शेतकरी त्यांच्याकडे का वळतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ते त्याच्या बोलीत बोलतात, तारीख सांगतात, पेरावे की थांबावे हे सांगतात. सरकारी वार्तेत मात्र 'तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता' असे वाक्य असते. त्यातील प्रत्येक शब्दाला खात्याने नेमका अर्थ दिलेला आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि त्यापुढे 'बहुतेक सर्व ठिकाणी'. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर ओलांडले की तो 'जोरदार' पाऊस आणि २०४.५ च्या वर गेला की 'अत्यंत जोरदार'. हा कोश श्रोत्याला कोणी सांगितलेलाच नाही. मग 'तुरळक' ऐकून निर्धास्त राहिलेल्याच्या शिवारातच ढग फुटतो आणि तो वेधशाळेला दोष देतो. वेधशाळा खोटे बोललेली नसते, आणि शेतकऱ्याचेही चुकलेले नसते. मधला दुभाषी तेवढा गैरहजर असतो.

हा दुभाषी बऱ्हाणपूरला अधिकच हवा आहे. ताप्ती मुलताईला उगम पावून सातपुड्यातून येथे येते आणि पुढे जळगाव जिल्ह्यात शिरते. बऱ्हाणपूरची केळी आणि रावेरची केळी यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे, पण बाग एकच आहे. हवामान खात्याच्या विभागणीत बऱ्हाणपूर 'पश्चिम मध्य प्रदेश' उपविभागात पडते, शेजारचे जळगाव 'मध्य महाराष्ट्रा'त आणि मेळघाट 'विदर्भा'त. येथला अंदाज भोपाळहून येतो आणि भोपाळचे केंद्र नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाशी जोडलेले आहे. रावेरचा अंदाज मुंबईच्या अखत्यारीत. मे-जूनमधील वावटळ मात्र सीमा पाहत नाही. एकाच वाऱ्याने दोन्हीकडचे घड जमिनीवर येतात. घरातील ज्येष्ठ माणूस मुंबईची मराठी वार्ता ऐकतो, नातू भोपाळची हिंदी वार्ता ऐकतो, आणि दोघांपैकी कोणाचीही वार्ता नेमकी या गावाची नसते. ज्या गावात इ.स. १६१५ च्या सुमारास रहीम खानखानाच्या काळी सातपुड्याचे पाणी जमिनीखालून खेळवून कुंडी भंडारा उभा राहिला, त्या गावाला पाण्याच्या नियोजनाचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. उणीव आहे ती आपल्या भाषेत, आपल्या शिवारापुरते सांगणाऱ्या जाणत्या माणसाची.

मराठीत पावसासाठी शब्दांचे दारिद्र्य मुळीच नाही. मळभ, भुरभुर, रिमझिम, संततधार, झड, वळीव, अवकाळी, उघडीप हे प्रत्येक शब्द म्हणजे एकेक निरीक्षण आहे. चार दिवसांची झड आणि तासाभराचा वळीव यांचे मिलिमीटर कदाचित सारखे भरतील, पण कपाशीला त्यांतला फरक कळतो. वेधशाळेचा आकडा आणि बोलीतील शब्द यांचा मेळ घालील तो खरा हवामान-वार्ताहर. त्याला भौतिकशास्त्राचे ज्ञान हवे आणि भाषेचा कानही हवा. आज या व्यवसायाकडे वळण्याची वाट खुली आहे. भौतिकशास्त्र वा गणित घेऊन पदवी मिळविलेला विद्यार्थी स्पर्धापरीक्षेतून खात्यात जाऊ शकतो आणि पुण्यात प्रशिक्षण घेऊ शकतो. कृषी महाविद्यालयांत कृषी हवामानशास्त्र शिकविले जाते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मराठी नि हिंदीचे उत्तम वळण असावे, आणि भाषेच्या विद्यार्थ्याला नकाशावरील समभार रेषा वाचता याव्यात, एवढीच अपेक्षा.

२६ मे २०२४ रोजी दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर यंत्राने घडविलेले दोन निवेदक अवतरले. ते न थकता अनेक भाषांत बोलतात, हवामानही सांगतात. या प्रगतीचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अंदाज चुकला तर दुसऱ्या दिवशी समोर येऊन 'असे का झाले' हे सांगण्याचे धैर्य यंत्राजवळ नसते, आणि ज्याची केळी पडली त्याच्या बांधावर ते जात नाही. वार्ताहर या शब्दात वार्ता आणण्याइतकेच तिचे उत्तर देणेही अभिप्रेत आहे.

ग्रंथालयाने शंभर वर्षे या गावात हेच दुभाष्याचे काम केले आहे. मराठी पुस्तक हिंदीभाषक प्रांतात जपले, आणि दूरचे ज्ञान जवळच्या वाचकाला दिले. वर्तमानपत्रांच्या मेजाजवळ एक साधा फळा लावून त्यावर भोपाळचा आणि मुंबईचा असे दोन्ही अंदाज, त्या दिवसाचे तापमान आणि पडलेला पाऊस रोज लिहिला, आणि त्या नोंदी वहीत जपून ठेवल्या, तर दुसऱ्या शताब्दीतील वाचकाला त्या वहीचे मोल कोणत्याही दुर्मीळ पोथीइतकेच वाटेल. तो फळा लिहिणारा विद्यार्थी उद्या कदाचित पडद्यावरही दिसेल. आणि नाही दिसला, तरी 'तुरळक' म्हणजे किती हे गावातील चार माणसांना समजावून सांगणारा एक जाणता माणूस बऱ्हाणपूरला लाभलेला असेल.